बेगारिओंदाची पेनल्टी

एलादियो कुएतो सोमवार ते शुक्रवार बेगारिओंदात टपाल वाटायचा, आणि मोसमातले तीन-चार रविवार त्याच गावच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहून शिव्या खायचा. दोन्ही कामं त्यानं सत्तावीस वर्षं केली आणि एकाचा चिखल दुसऱ्याला लागू दिला नाही.

तो राहायचा तीन किलोमीटर वर, लानियोत. खरं तर शेजारच्या गावचा पंच द्यायचा नाही असा संकेत होता. पण स्पेनमधल्या आस्तुरियासच्या त्या कोळशाच्या खोऱ्यात संघ फार आणि पंच थोडे, तेव्हा संकेत कोण पाळणार. तो स्वतः तरुणपणी लानियोच्या संघात डावीकडचा बचावपटू होता, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर असायचा. एका रविवारी पंच आलाच नाही. बाकावर रिकामा बसलाय तर याच्याच हातात शिट्टी द्या, असं ठरलं. खेळताना चेंडू कुठं जाणार हे त्याला कधी कळलं नव्हतं. शिट्टी हातात आल्यावर ते कळायला लागलं. बावीस माणसं, आणि त्यांत आपण एकटेच कुणाच्या बाजूचे नाही, ही गोष्ट त्याला भलतीच आवडली.

खालच्या गटात रेषेवर झेंडेवाले नसतात. ऑफसाइड, फाउल, हात लागला की नाही, सगळं एकट्यानं बघायचं. कपडे बदलायला झाडू-बादल्यांची खोली. पाऊस तर नेहमीचाच. बेगारिओंदाचं मैदान नदीला लागून, त्यामुळे सामन्यात दोनदा तरी चेंडू पाण्यात जायचा आणि लांब काठीला बांधलेल्या जाळीनं तो काढेपर्यंत लोकांना बोलायला मोकळा वेळ मिळायचा. बोलणाऱ्यांत पहिला लौरेआनो फानहुल. हा खाणीतून चव्वेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झालेला. फुप्फुसं निम्मी गेलेली, पण आवाज सगळा शाबूत. कठड्याजवळची त्याची जागा ठरलेली होती. तिथं दुसरं कुणी उभं राहत नसे.

सोमवारी हाच लौरेआनो दारात वाट बघत उभा असायचा. पेन्शनचं पत्र घ्यायचा, एलादियोच्या पिशवीत चार अंडी किंवा ओंजळभर चेस्टनट टाकायचा.

"काल जरा जास्तच बोललो का रे?"

"काल? काल मी घरी होतो," एलादियो म्हणायचा. "बायकोबरोबर घेवडा सोलत बसलो होतो."

"मग तुझ्यासारखा दिसणारा एक आंधळा आला होता बघ मैदानावर."

"असेल. त्याला काही निरोप असला तर पत्र लिही. पोचवतो."

एवढ्यावर दोघं हसायचे आणि एलादियो पुढच्या दाराकडे वळायचा. रविवारचं सोमवारी काढायचं नाही, हा त्याचा नियम. त्याची बायको ओलाया म्हणायची, "तुला राग येत नाही हे खोटं आहे. तू तो कुठं ठेवतोस तेवढं मला सांग."

आता त्या पेनल्टीबद्दल सांगायला हवं, कारण बेगारिओंदात कुणीही ती सांगितल्याशिवाय राहत नाही.

मोसमातला शेवटचा सामना, मे महिना. बरोबरी झाली असती तरी बेगारिओंदा इतिहासात पहिल्यांदा वरच्या गटात गेलं असतं. एक-एक गोल झालेला. सहा मिनिटं उरलेली. गोलासमोर गर्दी झाली, कुणीतरी पडलं, आणि एलादियोनं शिट्टी मारून पांढऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. बेगारिओंदाविरुद्ध पेनल्टी. कप्तान अंगावर धावून आला. एलादियो त्याला म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." पेनल्टी आत गेली, गाव हरलं, आणि पुन्हा कधी तिथवर पोचलं नाही. दोन वर्षांनी खाण बंद झाली. तरुण पोरं हिहोनला, माद्रिदला गेली. संघात चाळिशीचे लोक खेळायला लागले. या सगळ्याचा त्या पेनल्टीशी काही संबंध नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं, पण बारमध्ये सिद्राची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली उघडली की बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. कुणी म्हणायचं धक्का नव्हता. कुणी म्हणायचं धक्का होता, पण चौकटीच्या बाहेर. लौरेआनो म्हणायचा, धक्का नाही, पाय नाही, हात नाही, काहीच नाही, तो माणूस आपोआप पडला, दमला होता म्हणून.

एलादियो या गोष्टीवर चौदा वर्षं बोलला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यानं साथ सोडली, तशी त्यानं शिट्टी खुंटीला लावली. टपालाचं काम राहिलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात सिनेमावाले आले.

त्यांच्यातल्या एका लेखकानं मागच्या उन्हाळ्यात बेगारिओंदात खोली घेतली होती, आणि संध्याकाळी बारमध्ये बसून ही पेनल्टी त्यानं अकरा जणांकडून अकरा तऱ्हांनी ऐकली होती. त्यातून त्यानं एक विनोदी सिनेमा लिहिला. गावचा हौशी संघ चौदा वर्षांनी म्हाताऱ्या पंचाला पळवून आणतो आणि शेवटची सहा मिनिटं पुन्हा खेळायला लावतो, अशी कथा. दिग्दर्शिका होती नोएमी. पस्तिशीची, माद्रिदची, पायात पिवळे गमबूट. पंचाच्या कामाला तिनं एक नट आणला होता, पण पंचाला सामन्यात निम्मा वेळ उलटं धावावं लागतं, आणि त्या नटाला उलटं धावता येईना. दुसऱ्याच दिवशी तो चिखलात बसला तो घोटा धरूनच उठला. मग कुणीतरी म्हणालं, खरा पंच रोज सकाळी टपाल घेऊन येतोच की.

"मी नाटकसुद्धा केलं नाही कधी," एलादियो तिला म्हणाला.

"तुम्हाला काही करायचं नाही," नोएमी म्हणाली. "धावायचं, शिंकायचं आणि दोन वाक्यं बोलायची."

"शिंकायचं?"

तिनं समजावलं. सिनेमात पंच शिट्टी तोंडात धरून धावत असतो. ऐन मोक्याला त्याला शिंक येते. शिंकेनं शिट्टी आपोआप वाजते. सगळे थांबतात, त्याच्याकडे बघतात. आता शिंकलो म्हणावं तर लाज. म्हणून तो पेनल्टी देतो आणि म्हणतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

एलादियोनं कागद घेऊन ते वाक्य दोनदा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवला.

घरी ओलायानं तो टेबलावर पसरून वाचला. "नको करूस," ती म्हणाली.

"का? गंमत आहे."

"लोकांना गंमत आहे. तुला नाही."

"चौदा वर्षं झाली, ओलाया."

"मग करच," ती म्हणाली आणि दुधातल्या भाताचं पातेलं पुसून आत ठेवायला गेली.

चित्रीकरणाच्या दिवशी गाव लोटलं. प्रेक्षक म्हणून गावातलेच दीडशे लोक घेतले होते. सगळ्यांना चौदा वर्षांपूर्वीचे शोभतील असे कपडे घालायला सांगितलं, तर निम्म्यांनी नेहमीचेच घातले आणि ते बरोबर ठरलं. लौरेआनो त्याच्या जागी कठड्याला टेकून उभा होता. केस विंचरलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.

आणि मग घोटाळा झाला. कॅमेरा सुरू झाला, खेळाडू धावले, एलादियो शिंकला, शिट्टी वाजली, त्यानं ठिपक्याकडे बोट दाखवलं, आणि दीडशे माणसं गप्प. सत्तावीस वर्षं ज्यांनी त्याला श्वास घेऊ दिला नाही, ती माणसं कॅमेऱ्यासमोर शाळेतल्या मुलांसारखी उभी. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "अहो पंच, हे बरोबर नाही."

नोएमीनं डोक्याला हात लावला. "अहो पंच? तुम्ही असं बोलता मैदानावर?"

"कागदावर काय लिहिलंय ते सांगा, तसं ओरडतो," गावची शिंपीण म्हणाली.

"कागदावर 'लोक शिव्या देतात' एवढंच आहे. नेहमी देता त्या द्या."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. नेहमीच्या काय असतात, हे कुणाला आठवेचना. लौरेआनो खाली बघून कठड्यावरचा रंग नखानं खरवडत होता. शेवटी नोएमी मैदानाच्या मध्याकडे वळली. "एलादियो, तुम्हीच सांगा. हे काय ओरडतात?"

"कधीचं सांगू?"

"आठवेल ते."

एलादियोनं शिट्टी तोंडातून काढली. लोकांकडे बघत, जराही आवाज न चढवता, घरं क्रमानं घेत टपाल वाटावं तसा तो सांगत गेला.

"रामोना, तू म्हणाली होतीस, टपालवाल्या, ऑफसाइड कुणाच्या पत्त्यावर टाकलंस, आमच्याकडे आलंच नाही. वर्ष नव्याण्णव, ऑक्टोबर."

शिंपीण तोंडावर हात ठेवून हसली. आजूबाजूचेही हसले.

"बेकरीवाला सेलसो. गावात वर्गणी काढतो आणि तुला चष्मा घेऊन देतो. पुढच्या वर्षी म्हणाला, वर्गणी जमली, पण तुझ्या नाकावर बसेल असा चष्मा स्पेनमध्ये मिळेना."

आता सगळे हसत होते. कॅमेऱ्यामागची मंडळीही. सेलसोनं टोपी काढून सलाम केला. नोएमीनं हळूच खूण केली, कॅमेरा चालू ठेवा.

"शाळामास्तर, तुम्ही एकदाच बोललात. म्हणालात, या माणसाला मी भूगोल शिकवला, मैदानाच्या सीमा त्याला माहीत नाहीत यात माझा दोष आहे." हशा. "लौरेआनो. लौरेआनोची वही वेगळीच करावी लागेल. शिट्टी गिळ, निदान पोटात काहीतरी आवाज होईल. खाणीत दिवा विझला तरी आम्हाला तुझ्यापेक्षा बरं दिसायचं. तुझ्यापेक्षा माझी कोंबडी बरी, तिला एका बाजूचा डोळा तरी आहे. आणि पेनल्टीच्या दिवशी—"

लोक अजून हसतच होते. एलादियोला ओघात थांबता आलं नाही.

"पेनल्टीच्या दिवशी, सहा-सात मिनिटं राहिली असताना म्हणाला, तुझ्या आईनं तुला जन्माला घातलं तेव्हा डोळे घालायला विसरली, जाऊन विचार तिला."

हे सांगून झाल्यावर तो थांबला. हसू हळूहळू मागच्या रांगांपर्यंत जाऊन विरलं.

"तिला शुक्रवारी पुरलं होतं आम्ही," एलादियो म्हणाला. "डोंगरापलीकडे, माझ्या बहिणीच्या गावी. इथं कुणाला माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. बदली पंच मिळत नव्हता, आणि मलाही वाटलं की धावलो तर बरं वाटेल."

"पेनल्टी होती का मग?" चौदा वर्षांपूर्वीचा कप्तान आता प्रेक्षकांत उभा होता. त्यानं विचारलं. टोमणा म्हणून नाही. खरंच विचारलं.

"मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही. लौरेआनोचं वाक्य ऐकलं आणि त्यानंतर मला एक-दोन मिनिटं काही दिसलं नाही. समोर गर्दी होती, माणूस खाली पडलेला होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी शिट्टी मारली. नंतर तुला म्हणालो, डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं होतं."

त्यानं खिशातून नोएमीच्या कागदाची घडी काढली आणि तिच्याकडे नेऊन दिली. "हे वाक्य तेवढं दुसऱ्या कुणाला दे पोरी. बाकीचं मी करतो."

नोएमीनं अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली. लोक इकडेतिकडे पांगले. लौरेआनो मैदान सोडून निघून गेला. सगळ्यांना वाटलं, तो आता येत नाही. एलादियो झाडूंच्या खोलीत जाऊन बसला. आपण हे का बोललो, ते त्याला कळत नव्हतं. राग बाहेर पडला म्हणावं, तर राग नव्हता. मोकळं वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. अंगातला सदरा उलटा घातलाय हे दिवस मावळताना लक्षात यावं, तसं काहीतरी वाटत होतं.

दारात सेलसो आला. हातात दोन पाव होते, मधे चोरिसो, तिखट मसाल्याचं सॉसेज, घातलेलं. एक त्यानं एलादियोला दिला आणि बादलीवर बसून दुसरा स्वतः खाल्ला.

"म्हणजे चौदा वर्षं आम्ही बरोबर बोलत होतो," सेलसो म्हणाला.

"हो."

"आणि त्या दिवशी आम्ही तसं ओरडलो म्हणूनच ते झालं."

"तसं नाही म्हणत मी."

"तू नको म्हणूस. मी म्हणतो."

अर्ध्या तासानं पुन्हा सगळे जमले. आता तर शिवी तोंडातून निघणं आणखीच अवघड झालं होतं. नोएमीला घाम फुटला होता, कारण ऊन दोन तासांचंच उरलं होतं. एलादियो कठड्याजवळ गेला आणि म्हणाला, "हे बघा, मी गुडघ्याला पट्टी बांधून सकाळपासून उलटा धावतोय. तुम्ही गप्प राहिलात तर मला हे पुन्हा वीसदा करावं लागेल. माझी दया येत असली तर ओरडा."

लौरेआनो परत आला होता. त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. शॉट सुरू झाला. एलादियो धावला, शिंकला, शिट्टी वाजली. क्षणभर पुन्हा तीच शांतता. मग लौरेआनोच्या निम्म्या फुप्फुसांतून आवाज आला, "टपालवाल्या, हे पत्र आमचं नाही, परत ने." तो आवाज ऐकल्यावर बाकीच्यांना वाट मिळाली, आणि दीडशे जणांनी त्या दुपारी जे केलं, त्यातलं निम्मं नोएमीला आवाज बंद करून वापरावं लागलं.

सिनेमा पुढच्या वसंतात लागला. खोऱ्यात सिनेमागृह उरलेलं नाही, म्हणून नगरपालिकेच्या सभागृहात पडदा लावला. एलादियो पडद्यावर जेमतेम चार मिनिटं होता. तो शिंकतो आणि मग पाया पडायच्या बेतात असल्यासारखा सगळ्यांकडे बघतो, तिथं बाहेरगावचे लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते खोटं वाक्य त्याच्या तोंडी नव्हतंच. त्याऐवजी नोएमीनं त्याचा गप्प चेहरा ठेवला होता, बराच वेळ. बेगारिओंदाचे लोक तिथं हसले नाहीत. मग मागून रामोना शिंपीण खुदकन हसली, आणि पाठोपाठ बाकीचेही. ओलायानं अंधारात त्याचा हात धरला होता. आपण पडद्यावर इतके म्हातारे दिसतो याचंच एलादियोला जास्त आश्चर्य वाटत होतं.

बाहेर पडताना लौरेआनो दाराशी उभा होता. त्या दिवसानंतर सोमवारची अंडी चालू होती, पण बोलणं पत्रापुरतंच उरलं होतं.

"कुठलं गाव म्हणालास, डोंगरापलीकडचं?"

"सान फेलिसेस."

"नाव काय होतं तिचं?"

"एदेल्मिरा."

लौरेआनोनं मान हलवली आणि निघून गेला. पुढं ओलायाला एलादियोच्या बहिणीकडून कळलं की एक दमेकरी म्हातारा बसनं आला होता, दफनभूमीत तासभर नाव शोधत फिरला आणि कुणाशी न बोलता परतीच्या बसनं गेला. एलादियोनं त्याला याबद्दल कधी विचारलं नाही. सोमवारची गोष्ट नव्हती ती.

नवा मोसम सुरू झाला तेव्हा एलादियो पहिल्यांदाच बेगारिओंदाच्या मैदानावर नुसता बघायला गेला. शिट्टी नाही, घड्याळ नाही, हातांचं काय करावं ते कळेना. लौरेआनोनं कठड्याजवळ जरा सरकून जागा केली. नवी पंच बाई होती, दुसऱ्या खोऱ्यातली, पंचविशीची, आणि उलटं छान धावत होती. विसाव्या मिनिटाला तिनं बेगारिओंदाचा गोल ऑफसाइड ठरवला. कठड्यावर कल्लोळ उठला. एलादियोनं मान उंचावून पाहिलं. समोर खेळाडूंच्या पाठी, कडेनं छत्र्या, चिखल. गोल झाला तेव्हा कोण कुठं उभा होता, त्याला काही सांगता येईना.

"होता का रे ऑफसाइड?" लौरेआनोनं विचारलं.

"इथून काहीच दिसत नाही," एलादियो म्हणाला. "तुम्हाला सत्तावीस वर्षं इथून दिसत तरी काय होतं?"

"काहीच नाही. म्हणून तर ओरडतो."

लौरेआनो बराच वेळ खोकत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं, पंच बाईकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. तेवढ्यात चेंडू नदीत गेला. जाळीची काठी जागेवर नव्हती, सेलसो ती शोधायला धावला, आणि गुडघ्याची तक्रार विसरून एलादियोही त्याच्या मागून किनाऱ्याकडे निघाला.